खरोशाची लेणी : आपल्या मातीत कोरलेला इतिहास

महाराष्ट्रातली लेणी म्हटली की अजिंठा, वेरूळ, घारापुरी, कार्ले, भाजे ही नावे पाचवीतले पोरही सांगते. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली, हे आपण रिकाम्या जागा भरा म्हणून पाठ केले होते. अजिंठा आणि वेरूळ १९८३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली, घारापुरी १९८७ मध्ये. या सगळ्या मोठ्या नावांपासून दूर, आपल्याच लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात निलंग्याच्या बाजूला खरोसा नावाचे गाव आहे. लातूरपासून सुमारे ४५ किलोमीटर. गावालगतच्या टेकडीच्या अंगात लेणी कोरलेली आहेत. संख्या बारा सांगतात, काळ साधारण सहाव्या शतकाचा. शिरूर अनंतपाळहून सकाळी भाकरी बांधून निघाले तर दिवे लागायच्या आत घरी परतता येते. तरीही दहावी होईपर्यंत आपल्यापैकी बहुतेकांनी ती पाहिली नव्हती. सहल जायची ती वेरूळ-दौलताबादला.

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा शाळेच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ असतील हे मला ठाऊक होते. मी व्यवसायाने संगणक अभियंता. इतिहास हा माझा पोटापाण्याचा विषय नाही, आवडीचा आहे. ती आवड आपल्या इतिहासाच्या सरांनी लावली. ते सनावळ्या विचारण्याआधी "हे कशावरून म्हणता?" असे विचारायचे. गेल्या हिवाळ्यात आपल्या बॅचचे आम्ही सात जण एका रविवारी खरोशाला जाऊन आलो. जायच्या आधी आणि आल्यानंतर जे वाचले, तिथे जे पाहिले, ते सगळ्यांसाठी इथे मांडते आहे.

आपला मुलूख तेव्हा कुठे होता

मराठवाड्याचा इतिहास म्हटला की आपल्याला निजाम, रझाकार आणि १७ सप्टेंबर १९४८ आठवतो. त्याच्या मागे देवगिरीचे यादव. त्याही मागे एकदम काळोख, असे आपले चित्र असते. प्रत्यक्षात हा मुलूख फार जुन्या वाटांवरचा आहे.

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत, 'पेरिप्लस'मध्ये, पैठणबरोबर तगरचे नाव येते. तिथले कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे. म्हणजे आपल्या भागातल्या विणकरांचा माल दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापार जात होता. नांदेडचे नाव 'नांदीकट' या रूपात वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या वाशीम इथे मिळालेल्या ताम्रपटात आहे. तो चौथ्या शतकातला आहे. आणि लातूर? राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूर' या श्रेष्ठ नगरीचे स्वामी म्हणवून घेत. लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ही पदवी अमोघवर्षाच्या काळातल्या ज्या शिलालेखांत आहे, त्यातला एक इ. स. ८६६ चा आणि चक्क शिरूरचा. हे शिरूर मात्र आपले नव्हे, धारवाडकडचे. कुठेही शिरूर नाव दिसले की कान टवकारायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

खरोशाची लेणी या दोन टोकांच्या मधल्या काळातली. पाचव्या शतकाच्या अखेरीस वाकाटकांची सत्ता विस्कटली. अजिंठ्याचे मोठे काम त्यांच्या हरिषेण राजाच्या काळातले. त्यानंतर दख्खनच्या उत्तर भागात कलचुरी आले, दक्षिणेत बदामीचे चालुक्य उभे राहिले. या सहाव्या शतकात दख्खनमध्ये एक मोठा बदल झाला. तोवर इथला डोंगर कोरला जात होता तो मुख्यतः बौद्ध भिक्षूंसाठी. आता शिव, विष्णू, नृसिंह, कार्तिकेय यांच्यासाठी डोंगर कोरायला सुरुवात झाली. मुंबईजवळचे जोगेश्वरी, घारापुरी, वेरूळचे रामेश्वर आणि धुमार लेणे ही सगळी या लाटेतली. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात तर तारीखच कोरलेली आहे : शके ५००, म्हणजे इ. स. ५७८.

आता नकाशा घ्या आणि वेरूळपासून बदामीपर्यंत बोट ओढा. उत्तर-दक्षिण अंतराचा मध्य काढला तर तो जवळजवळ आपल्या जिल्ह्याच्या रेषेत येतो. दोन मोठ्या केंद्रांच्या मध्ये जो मुलूख होता तो मोकळा नव्हता. इथेही देवळे कोरवून घेणारे लोक होते, कोरणारे कारागीर होते आणि ते पूर्ण होईपर्यंत त्यांना धान्य पुरवणारी गावे होती. खरोसा हा त्याचा पुरावा. "हे कशावरून म्हणता?" असे सर विचारतील तर उत्तर टेकडीत कोरलेले आहे.

दगड जांभा, काम देवाचे

खरोशाला पोहोचल्यावर पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती रंग. आपल्याकडे दगड म्हणजे काळा. शेताच्या बांधावर, विहिरीच्या कठड्यावर, वाड्याच्या चौथऱ्यावर सगळीकडे काळा बेसाल्ट. खरोशाची टेकडी मात्र तांबडी, विटकरी आणि अंगभर भोके पडलेली. हा जांभा दगड. कोकणात घरे बांधायला चिरे काढतात, तोच.

मराठवाड्यात जांभा आला कुठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. पुढे लाखो वर्षे उष्ण आणि पावसाळी हवामानात वरचा थर कुजत गेला. पाण्याबरोबर वाहून जाण्यासारखे होते ते गेले, लोह आणि अॅल्युमिनियम मागे उरले. लोहाच्या गंजाने दगड तांबडा झाला. बिदरचे पठार अशा जांभ्याच्या जाड टोपीवर बसलेले आहे आणि त्या टोपीचे तुकडे आपल्या बाजूलाही उंच माळांवर दिसतात. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश पाहणीदाराने मलबारात हा दगड पाहून त्याला 'लॅटराइट' नाव दिले. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. लोक या दगडाच्या विटा कापत होते, म्हणून ते नाव.

आमच्यात बांधकामाची ठेकेदारी करणारा एक मित्र होता. आम्ही इतर सगळे मूर्ती शोधत होतो, तो भिंतीवर हात फिरवत होता. म्हणाला, "ह्यो दगड काढताना वल्ला आन् मऊ. कुऱ्हाडीनंबी तासता येतो. उन्हावाऱ्याला लागला की घट्ट व्हतो." नंतर वाचले तर भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात तेच लिहिले आहे, फक्त लांबलचक शब्दांत. जमिनीखाली ओलसर असताना जांभा सहज कापला जातो. उघडा पडून वाळला की त्यातली लोहाची संयुगे घट्ट होतात आणि पृष्ठभाग कडक होतो.

कोरणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? खोदाई झपाट्याने होते, छिन्न्या कमी बोथटतात, कमी खर्चात मोठे दालन मिळते. पण या दगडाला कण नाही, पोत नाही, सगळीकडे पोकळ्या. बारीक दागिना, बोटाचे नख, पापणीची कड त्यात टिकत नाही. वेरूळचा बेसाल्ट कठीण, पण एकजीव. बदामीचा वालुकाश्म मऊ, पण एकसारख्या कणांचा. खरोशाच्या कारागिरांना असा कोणताही दगड मिळाला नाही. लेण्याची रचना, म्हणजे पुढे ओसरी, मग खांबांचा मंडप, आत गाभारा, भिंतींवर देवांचे प्रसंग, ही सगळीकडे साधारण सारखीच. ती आपल्याकडच्या दगडावर उतरवायची होती. माझ्या पेशात असे रोज घडते. आराखडा एकीकडे ठरतो आणि हाताशी असलेल्या यंत्रावर तो चालवून दाखवावा लागतो. यंत्र चांगले नाही म्हणून काम थांबत नाही.

त्या कारागिरांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. आकार मोठे घेतले. आकृती भिंतीतून चांगली उठावदार काढली. नाजूकपणावर वेळ न घालवता अंगाचा डौल आणि प्रसंग ओळखू येईल याकडे लक्ष दिले. आज दीड हजार वर्षांनी नाक-डोळे गेले आहेत, पण कोण कुठे उभा आहे आणि काय चालले आहे, हे अनेक ठिकाणी अजून कळते.

लेणे बांधत नाहीत, उरवतात

लेणे करण्याची रीत आपल्याला शाळेत कुणी सांगितली नव्हती, म्हणून थोडक्यात सांगते. घर बांधताना पाया आधी आणि छप्पर शेवटी. लेण्यात उलटे. दर्शनी कडा तासून सपाट करायची, मग वरच्या अंगाने आत शिरायचे. छत आधी पुरे होते. कारागीर स्वतःच्या पायाखालच्या न काढलेल्या दगडावर उभा राहून काम करतो, त्यामुळे पहाड बांधावा लागत नाही. छतापासून खाली येता येता खांबांच्या जागा सोडत जायच्या. जमीन सगळ्यात शेवटी मिळते. गाभाऱ्यातली पिंड किंवा भिंतीवरची मूर्ती यांच्यासाठी किती दगड शिल्लक ठेवायचा, हे पहिला घाव घालण्याच्या आधी ठरलेले असावे लागते. काढलेला दगड परत चिकटवता येत नाही. आमच्या कामात एक कळ दाबली की मागचे परत आणता येते. त्यांच्यापाशी ती सोय नव्हती.

जांभ्यात तर आणखी एक धोका. घाव घातल्यावर आत पोकळी लागेल की मऊ मातीचा पट्टा, याचा नेम नाही. खांबाच्या मधोमध तसे काही निघाले तर करणार काय? म्हणून खांब जाड, साधे, चौकोनी ठेवलेले दिसतात. पाहणाऱ्याला ते ओबडधोबड वाटतात. मला त्यात हिशेब दिसला.

आत काय दिसते

खरोशाच्या लेण्यांत नृसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय, रावण यांच्या आकृती आहेत. शैव लेण्यांत रावण येतो तो कैलास हलवणारा म्हणून. वर शिव-पार्वती बसलेले, खाली दहा तोंडांचा रावण पर्वताला खांदा लावतो आहे आणि शिव पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबतो आहे. वेरूळला, घारापुरीला हाच प्रसंग आहे. त्या शतकातल्या शिल्पकारांचा तो आवडता विषय. शिव आणि नृसिंह एकाच टेकडीत असण्याचे आज कुणाला नवल वाटेल, पण वेरूळच्या दशावतार लेण्यात आणि बदामीलाही दोघे जवळजवळ नांदतात. जिल्ह्यात या लेण्यांची ओळख हिंदू, जैन आणि बौद्ध अशा तिन्ही परंपरांची म्हणून करून दिली जाते. टेकडीवर रेणुकादेवीचे देऊळ आहे. लेण्यांकडे न फिरकणारे पुष्कळ लोक देवीला मात्र येतात. त्यामुळे टेकडीवरची ये-जा कधी पूर्ण थांबली नाही, हे या लेण्यांचे भाग्य.

महादेवाच्या लेण्यात पिंडीवर ताजी बेलाची पाने होती. आम्ही येण्याआधी कुणीतरी येऊन गेले होते. पुरातत्त्वाच्या पुस्तकात ज्याला 'शैव गुहा' म्हणतात, ते गावातल्या कुणासाठी तरी सकाळच्या पूजेचे ठिकाण आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या.

नृसिंह मला आधी दिसलाच नाही. दुपारचा उजेड समोरून येत होता आणि भिंत नुसती भोकाभोकांची तांबडी. मग विजेरी भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवी धरली. उजेड तिरपा पडला की थोडीशीही उठावदार कड सावली टाकते. सावल्यांतून आधी खांदे आले, मग भलेमोठे डोके, मग डोक्याभोवतीचा आयाळीचा घेर. सोबतची मंडळी "अरे, हा बघ!" म्हणून ओरडली. शिक्षिका असलेली मैत्रीण म्हणाली की, हा प्रयोग शाळेत एका नाण्यावर करून दाखवायला हवा. करून पाहा. झिजलेले नाणे समोरून पाहिले तर कोरे दिसते, दिव्याखाली तिरपे धरले की अक्षरे उठतात.

दगडाची भीती

इथे एक गोष्ट लिहायला हवी, कारण ती आपल्या बॅचची आहे. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट, चार वाजायला काही मिनिटे कमी. आपण सातवी-आठवीत होतो. किल्लारी आणि आसपासची गावे गेली. सुमारे आठ हजार माणसे मेली. खरोसा हे त्याच औसा तालुक्यातले गाव.

त्यानंतर आपल्या वर्गात एक मुलगी आली. नाव लिहीत नाही, तुम्हाला कळेलच. किल्लारीकडचे गाव सोडून ती मामाकडे राहायला आली होती. आमच्या सात जणांत तीही होती. लेण्याच्या तोंडाशी येऊन ती थांबली. "तुम्ही बघून या. मी इथंच बसते."

ठेकेदार मित्र तिच्याजवळ बसला. बराच वेळ दोघे बोलत होते. ती सांगत होती, "आमच्या भिंती दोन हात रुंद होत्या. आजोबा म्हणायचे, तोफ लागली तरी पडायची नाही." त्याने तिला जे समजावले ते मी माझ्या शब्दांत लिहिते. आपली जुनी घरे दगडमातीची. भिंत रुंद असायची, पण ती खरे म्हणजे दोन भिंती असायच्या, आतल्या बाजूची आणि बाहेरच्या बाजूची, मध्ये लहान दगड आणि माती भरलेली. दोन्हींना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. वर लाकडाचे माळवद आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी माती टाकायची, म्हणजे ओझे वाढतच जायचे. जमीन हलली तेव्हा भिंतीच्या दोन बाजू एकमेकींपासून सुटल्या आणि माळवद खाली आले. मारले ते सांध्यांनी आणि ओझ्याने. लेण्याला सांधा नसतो. ते रचलेले नाही, एका दगडात पोकळ केलेले आहे. लेण्यांनाही तडे जातात, छताचा थर सुटतो, कायमचे अभंग काही नसते. पण दगडावर दगड ठेवून केलेल्या घराची आणि याची जात वेगळी.

अर्ध्या तासाने ती आत आली. एका खांबाला हात लावून उभी राहिली. "गार आहे," एवढेच म्हणाली. आम्ही कुणी काही बोललो नाही.

भूकंपानंतर आपल्या भागात दगडी घर म्हटले की लोकांच्या अंगावर काटा यायचा. पत्रे आले, पुढे सिमेंट आले. वाडे पाडून दगड विकले गेले. भीती खरी होती, त्याबद्दल कुणाला बोल लावता येत नाही. पण त्या भीतीत आपण दगडाशी असलेली ओळखही गमावली. कोणता दगड कुठला, कोणता कसा घडवायचा, कशात काय टिकते, हे सांगणारी माणसे कमी झाली. त्या दिवशी आमच्यात असे सांगू शकणारा एकच जण होता, आणि त्याला ते त्याच्या वडिलांनी शिकवले होते.

१८७५ चा पाहुणा

खरोशाकडे अभ्यासकाच्या नजरेने येणाऱ्यांत जेम्स बर्जेस हे जुने नाव. पश्चिम भारताच्या पुरातत्त्व पाहणीचे काम त्यांच्याकडे होते. १८७५-७६ च्या हंगामात त्यांनी निजामाच्या मुलखातल्या बिदर आणि औरंगाबाद भागाची पाहणी केली आणि १८७८ मध्ये तिचा अहवाल छापला. त्यात धाराशिव, अंबाजोगाई यांच्याबरोबर आपली लेणीही आहेत. १८८० मध्ये जेम्स फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी भारतातल्या लेण्यांवर मोठा ग्रंथ काढला, त्यातही खरोशाला जागा मिळाली. इंग्रजी लिपीत त्यांनी नाव 'कारुसा' असे लिहिले आहे, त्यामुळे शोधताना चुकायला होते.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे गेली. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाने स्वतःचे पुरातत्त्व खाते काढले. गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली अजिंठा-वेरूळवर फार मोठे काम झाले. साहजिकच पैसा आणि लक्ष तिकडे गेले. संस्थान गेले, राज्ये बदलली, १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला, १९९९ मध्ये आपले शिरूर अनंतपाळ तालुका झाले. कागदावरची हद्द दर वेळी सरकली, लेणी जागच्या जागी झिजत राहिली.

झिजतात कशामुळे? मुख्य शत्रू पाणी. जांभा स्पंजासारखा पाणी पितो. या गुणाचा बिदरमध्ये उपयोग करून घेतला गेला. तिथे जांभ्यातून झिरपून बेसाल्टवर थांबणारे पाणी बहामनी काळात भुयारांतून शहराकडे नेले होते, त्याला 'करेज' म्हणतात. लेण्यांत मात्र हेच पाणी छतातून पाझरते, उन्हाळ्यात वाळते, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाझरते. दर वेळी पृष्ठभागाची थोडी भुकटी होते. उघड्या बाजूच्या आकृतींवर वारा आणि पाऊस थेट येतो. शिवाय माणसे आहेतच. बदामाच्या आकाराचे हृदय आणि त्यात दोन नावे, हे शिल्प आम्हाला तिथेही पाहायला मिळाले.

बर्जेसने पाहिलेले सगळे आपल्याला दिसत नाही, आणि आपल्याला दिसते ते सगळे आपल्या नातवंडांना दिसणार नाही. बेसाल्टचे वेरूळ थांबेल. जांभ्याचे खरोसा थांबणार नाही. म्हणून जी काही नोंद व्हायची ती आपल्या हयातीत व्हायला हवी.

आपल्याला काय करता येईल

आता माझ्या पेशातली गोष्ट. एखाद्या आकृतीचे साध्या मोबाइलने, थोडे थोडे सरकत, पुष्कळ फोटो काढले, आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला निम्म्याहून जास्त भाग येईल अशी काळजी घेतली, तर संगणक त्या फोटोंतले सारखे बिंदू ओळखून आकृतीचा त्रिमिती नमुना तयार करतो. तो पडद्यावर फिरवता येतो, त्यावर खोटा उजेड कुठूनही टाकता येतो, मापे घेता येतात. मी नृसिंहाचे असे सत्तर-ऐंशी फोटो काढले आणि पुण्याला परतल्यावर नमुना तयार केला. विजेरीखाली जेवढे दिसले त्याहून थोडे जास्तच त्यात दिसते. दहा वर्षांनी असाच नमुना पुन्हा केला तर किती झीज झाली ते मिलिमीटरमध्ये सांगता येईल. पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी घेऊन सगळ्या लेण्यांचे असे काम करता येण्यासारखे आहे. आपल्या बॅचमध्ये चार संगणकवाले, दोन स्थापत्य अभियंते, तीन शिक्षक आणि एक छायाचित्रकार आहे. माणसे कमी नाहीत.

दुसरे काम याहून सोपे. शाळेची एक सहल दर वर्षी खरोशाला न्यावी. सोबत निलंग्याचे नीलकंठेश्वराचे देऊळ जोडावे. ते लेण्यांच्या कित्येक शतके नंतरचे, चालुक्यांच्या शैलीतले, बांधीव. लोक त्याला हेमाडपंती म्हणतात, पण यादवांचा प्रधान हेमाद्री तेराव्या शतकातला आणि ही बांधणी त्याच्या आधीपासूनची. एकाच दिवसात मुलांना कोरलेले आणि रचलेले, तांबडा दगड आणि काळा दगड, दोन्ही हात लावून पाहता येतील. पुस्तकातल्या धड्यापेक्षा ते जास्त लक्षात राहील. वेरूळलाही जावे, जरूर जावे. पण खरोसा आधी पाहिलेले पोर वेरूळला गेले की त्याला नुसती भव्यता दिसणार नाही. हा दगड कोणता, इथे हे कसे जमले आणि आमच्याकडे तसे का केले, असे प्रश्न ते विचारील.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना. हिवाळ्यात जा, सकाळी लवकर जा. पायात चांगले बूट घाला, टेकडीवर सुटे दगड आहेत. प्रत्येकाने एक विजेरी घ्या आणि ती तिरपी धरा. आकृतींना हात लावू नका, खांबांना लावला तर चालेल. पाणी आणि जेवण सोबत ठेवा, आणि कागद-पिशव्या परत आणा.

नृसिंहाचा नमुना आणि आमच्या सहलीचे फोटो मी शाळेच्या ग्रंथालयाला दिले आहेत. स्नेहमेळाव्याच्या दिवशी ते मोठ्या पडद्यावर दाखवणार आहोत. ज्यांना पुढच्या खेपेला यायचे आहे त्यांनी त्याच दिवशी नाव द्या. जानेवारीतला दुसरा रविवार धरला आहे. गाडीचे ठेकेदार मित्र पाहतो आहे, आणि किल्लारीकडच्या मैत्रिणीने तिच्या दोन्ही मुलांची नावे आधीच लिहून घेतली आहेत.